डोक्यात न शिरणारी गोळी

"झोप येणारी देऊ का न येणारी?"

मेडिकलच्या काउंटरवरच्या पोरानं हे इतक्या सहज विचारलं, की चहा गोड का बिनसाखरेचा असं विचारावं. दसरा नुकताच झाला होता. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढून बारीक पांढऱ्या फुलांनी भरलं होतं, आणि सकाळी तिथून फेरफटका मारून आल्यावर मला ओळीनं चौदा शिंका आल्या होत्या. टाळूला आतून खाज, डोळे चुरचुरलेले, नाकाचा नळ उघडा. बोलायची सोय नव्हती म्हणून मी नुसतं नाकाकडे बोट दाखवलं होतं.

त्यानं दोन स्ट्रिपा समोर ठेवल्या. "काका, ही घेतली तर गाढ झोपाल. ही घेतली तर कामावर जाता येईल."

"पण दोन्ही शिंकांवरच ना?"

"शिंकांवरच."

"मग एकीनं झोप येते आणि दुसरीनं नाही, असं का?"

मागं रांग होती. त्यानं खांदे उडवले. "ती जुनी आहे, ही नवी आहे."

उत्तर चुकीचं नव्हतं. पण झोपेचा आणि औषधाच्या वयाचा काय संबंध? दुपारी शिंका थांबल्यावर मी या प्रश्नाच्या मागं लागलो, आणि लंडन, पॅरिस, सिनसिनाटी, सेंदाई असा फिरत फिरत शेवटी माझ्याच यकृतापाशी येऊन थांबलो.

*

या दुखण्याचं इंग्रजी नाव हे फीव्हर. 'हे' म्हणजे वाळलं गवत आणि 'फीव्हर' म्हणजे ताप. प्रत्यक्षात यात ताप नसतो, आणि वाळल्या गवताचाही फारसा दोष नसतो. दोष असतो फुलोऱ्यावर आलेल्या गवताच्या आणि झाडांच्या परागांचा.

१८१९ साली लंडनमधल्या डॉक्टरांच्या एका सभेत जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकीकत वाचून दाखवली. दर जूनमध्ये या माणसाचे डोळे पेटत, शिंकांची माळ लागे, छाती भरून येई. रक्त काढून झालं, अफू झाली, गार पाण्याच्या अंघोळी झाल्या, गुण नाही. रुग्णाची ओळख एवढीच दिली होती: जे. बी., वय ४६. म्हणजे खुद्द जॉन बोस्टॉक! पुढची नऊ वर्षं ते असे आणखी रुग्ण शोधत राहिले, तेव्हा कुठे २८ जणांची नोंद झाली. इतका तो आजार दुर्मीळ होता. आज जपानची स्थिती बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं डोंगरच्या डोंगर 'सुगी' नावाच्या वृक्षानं भरून टाकले (आपल्या सुगीशी त्याचं नावापलीकडे नातं नाही). २०१९ साली नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या घरच्यांची देशभर पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या ३८.८ टक्के लोकांना या एकाच झाडाच्या परागांचा त्रास असल्याचं आढळलं.

परागांवरचा आरोप सिद्ध केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही बोस्टॉकसारखेच शिंकणारे डॉक्टर. हवेत किती पराग आहेत हे मोजायला त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या पतंगांना बांधून आकाशात सोडल्या आणि खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले. स्वतःची कातडी खरवडून तिच्यावर पराग चोळले आणि उठलेली गांध निरखली. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. आज अ‍ॅलर्जीतज्ज्ञ हातावर थेंब टाकून, टोचून जी चाचणी करतात, तिची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पण एका निरुपद्रवी कणाला शरीर एवढं का भितं? याचा धागा त्या पुस्तकानंतर पाचच वर्षांनी एका जर्मन विद्यार्थ्याच्या हाती लागला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. पॉल एर्लिख तेव्हा २४ वर्षांचा होता. कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग शरीरातल्या ऊतींना लावून बघायचा त्याला नाद होता. एका रंगात त्याला दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी दिसल्या. खाऊनपिऊन टुमटुमीत झाल्यासारख्या. जनावरांना चारून पुष्ट करणं या अर्थाचा 'मास्ट' हा जर्मन शब्द त्यानं त्यांना दिला. १८७८ च्या त्या प्रबंधातलं नाव आजही कायम आहे: मास्ट पेशी. अंदाज मात्र चुकला होता. ते दाणे खाल्लेल्या अन्नाचे नव्हते, ती दारूगोळ्याची कोठारं होती.

नाकाच्या अस्तरात, डोळ्यांच्या आतल्या त्वचेत, श्वासनलिकेत, म्हणजे जिथं जिथं बाहेरचं जग आत यायला बघतं तिथं तिथं या पेशी पहाऱ्याला असतात. पराग पहिल्यांदा आत येतो तेव्हा काहीच घडत नाही. फक्त काही जणांचं शरीर त्या परागाच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. पुढच्या हंगामात तोच पराग आला, की त्याचं प्रथिन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम धरतं. तेवढी खूण पुरते. काही मिनिटांत कोठारं रिकामी होतात.

त्यातून जे बाहेर पडतं त्यातला मुख्य पदार्थ हिस्टामिन. त्याचा रेणू अगदी एवढासा: कार्बनचे पाच अणू, हायड्रोजनचे नऊ, नायट्रोजनचे तीन, एकूण सतरा. आपल्या डाळ-मासळीतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा एक तुकडा काढला की हिस्टामिन तयार. सतरा अणूंचा हा जीव केशवाहिन्यांच्या भिंती सैल करतो आणि नाक वाहतं. मज्जातंतूंची टोकं डिवचतो आणि खाज सुटते, शिंक येते.

त्याचा इंगा कोकणात आणि गोव्यात काही जणांनी ताटावर अनुभवलेला असतो. बांगडा बर्फाविना उन्हात पडून राहिला, की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. मग तो कितीही शिजवा, कुरकुरीत तळा, हिस्टामिन तसंच राहतं. जेवणानंतर थोड्या वेळात तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. घरात कुणीतरी आमसुलाचं पाणी चोळायला धावतं आणि त्या बिचाऱ्याच्या नावावर 'बांगड्याची अ‍ॅलर्जी' कायमची लागते. वास्तविक त्याच्या मास्ट पेशींनी काहीच केलेलं नसतं. कोठार फुटलं होतं ते माशात. ताजा बांगडा तो खुशाल खाऊ शकतो.

*

एवढं कळल्यावर उपाय उघड होता: हिस्टामिनला अडवायचं. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांना असा पहिला पदार्थ सापडला. हिस्टामिनच्या घातक मात्रेपासून त्यानं गिनी पिग वाचवले, पण माणसाला देण्याइतका तो सौम्य नव्हता. पाच-सात वर्षांत माणसाला चालतील असे त्याचे भाऊबंद आले. या आणि अशा इतर कामांसाठी बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं.

अमेरिकेत सिनसिनाटीला जॉर्ज रीव्हशल हे रसायनतज्ज्ञ स्नायूंच्या पेटक्यांवर औषध शोधत होते. हाती लागलं डायफेनहायड्रामिन. १९४६ पासून ते बेनाड्रिल या नावानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. हे नाव घेतल्यावर आपल्याला खोकल्याची बाटली आठवते, आणि त्या बाटलीत आजही हाच पदार्थ आहे. लहानपणी दोन चमचे पाजल्यावर खोकल्याआधी आपणच आडवे व्हायचो ते याच्यामुळं.

या पहिल्या पिढीला शिंका थांबवता येत होत्या, पण ती तेवढ्यावर थांबत नव्हती. बाल्टिमोरमध्ये अंगावर गांधी उठणाऱ्या एका गरोदर बाईला डायफेनहायड्रामिनच्याच घराण्यातलं नवं औषध दिलं, तर ती सांगत आली, की ट्राममध्ये आयुष्यभर व्हायची ती मळमळ गेली! डॉक्टरांनी १९४७ च्या नोव्हेंबरात अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकी बोटीवर तेच औषध शेकडो जवानांना देऊन खात्री करून घेतली. आपल्याकडे घाटात गाडी लागू नये म्हणून एसटीत चढण्याआधी आई जी अ‍ॅव्होमिन द्यायची, तीही मुळात हिस्टामिनविरोधीच. तिच्यातलं प्रोमेथाझिन फ्रान्समध्ये अ‍ॅलर्जीसाठीच तयार झालं होतं. त्यानं रुग्ण विलक्षण शांत होतात हे पाहून त्याच प्रयोगशाळेनं त्या सांगाड्यात फेरफार केले आणि १९५० च्या अखेरीस क्लोरप्रोमाझिन घडवलं. मनोरुग्णालयांचं रूप पालटणारं पहिलं औषध ते हेच. शिंकेचं औषध शोधायला निघालेली माणसं पार वेड्यांच्या इस्पितळाच्या दारात जाऊन पोचली.

याचा अर्थ एकच होता. या गोळ्या डोक्यात शिरत होत्या.

*

डोक्यात हिस्टामिनचं काय काम? तिथं तर पराग जात नाहीत.

तिथं हिस्टामिनची नोकरीच वेगळी आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याच्या मागच्या बाजूला सुमारे ६४ हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. अब्जावधी पेशींच्या मेंदूत हे म्हणजे महानगरातली एखादी गल्ली. पण या गल्लीतून निघालेल्या तारा जवळपास सगळ्या मेंदूत पोचतात आणि दिवसभर हिस्टामिन शिंपडत राहतात. आपण जागे असतो, लक्ष देतो, रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडं बघतो, त्यात या शिंपणीचा मोठा वाटा असतो. गाढ झोपेत हा पुंजका गप्प होतो.

म्हणजे नाकात जो रेणू शिंका काढतो, तोच डोक्यात आपल्याला जागं ठेवतो. दोन्हीकडं तो पेशींवरच्या एच-वन नावाच्या एकाच प्रकारच्या रिसेप्टरला जाऊन भिडतो. जुन्या गोळीला नाकातला एच-वन आणि डोक्यातला एच-वन यात भेद कळत नाही. तिनं नाकाचं दार लावलं, आणि जाता जाता डोक्यातला दिवाही मालवला.

मग नव्या गोळीला तो भेद कळतो का? मला तसंच वाटलं होतं. पण तसं नाही. तिलाही कळत नाही. दोघींतला फरक त्यांच्या हुशारीत नाही, मेंदूच्या उंबरठ्यात आहे.

आणि त्या उंबरठ्यावर कोण भेटावं? पुन्हा पॉल एर्लिख! १८८५ साली त्यानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. काळीज रंगलं, यकृत रंगलं, मूत्रपिंडं रंगली. मेंदू कोराच राहिला. मेंदूच्या पेशींना रंगाची ओढ नसावी, असा त्यानं अर्थ लावला. हाही अंदाज चुकला. पुढं १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी तसाच रंग रक्ताऐवजी थेट मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंग मेंदूला धरत होता, पण मधे काहीतरी आडवं येत होतं. अ‍ॅलर्जीची सुरुवात आणि तिच्या औषधाची वेस, ही दोन्ही टोकं एकाच माणसानं रंगाच्या बाटल्या घेऊन पाहिली आणि दोन्हींचा अर्थ चुकवला. चुकला तरी किती मोठं दाखवून गेला!

ते आडवं येणारं काय, हे आता माहीत आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात, की मधून काही झिरपत नाही. आत जायचं तर पेशीच्या अंगातूनच जावं लागतं, आणि तिचं आवरण स्निग्ध असतं. स्निग्ध स्वभावाचा लहान रेणू त्यात विरघळून सहज पार होतो. पाण्याची आवड असलेला, विद्युतभार बाळगणारा रेणू बाहेर तिष्ठतो. त्यातूनही कुणी घुसलाच, तर या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात. ते पाहुणा ओळखून त्याला आल्या पावली रक्तात परत लोटतात.

जुन्या गोळ्यांचे रेणू लहान आणि स्निग्ध होते. त्यांच्यासाठी उंबरठा नव्हताच.

*

रसायनतज्ज्ञांनी बसून विचारपूर्वक उंबरठ्याबाहेर राहणारा रेणू घडवला असता, तर ही गोष्ट इथंच सरळ संपली असती. पण ती तशी घडली नाही.

१९८५ साली अमेरिकेत टर्फेनाडिन बाजारात आलं. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी! लाखो लोक ती घेऊ लागले. मग १९९० साली एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ३९ वर्षांची एक बाई वारंवार घेरी येऊन पडत होती, आणि तिच्या हृदयाच्या आलेखात ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ दिसत होता. ती टर्फेनाडिन घेत होती आणि त्याच सुमारास तिनं बुरशीसंसर्गावर केटोकोनाझोल घेतलं होतं. दोन्ही गोळ्या एरवी साध्या. मग माशी शिंकली कुठं?

शिंकली ती यकृतात. आपण टर्फेनाडिन गिळत होतो, पण रक्तात ते जवळजवळ पोचतच नव्हतं. आतडी आणि यकृतातलं एक विकर पहिल्याच फेरीत त्याचं रूपांतर दुसऱ्याच एका रेणूत करत होतं. शिंका थांबवत होता तो हा दुसरा रेणू! केटोकोनाझोलनं, किंवा एरिथ्रोमायसिननं, ते विकर अडवलं की मूळ टर्फेनाडिन न बदलता रक्तात साचायचं आणि हृदयाच्या पेशींतली पोटॅशियमची वाट बंद करायचं. ग्रेपफ्रूटचा रसही, म्हणजे आपल्या पपनसाच्या कुळातल्या फळाचा, ते विकर अडवतो.

त्या दुसऱ्या रेणूचं नाव फेक्सोफेनाडिन. हृदयाला तो त्रास देत नव्हता. १९९६ मध्ये तो स्वतंत्र औषध म्हणून मंजूर झाला आणि १९९८ च्या सुरुवातीला टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. तोवर इतकी वर्षं गिळल्या गेलेल्या टर्फेनाडिनच्या प्रत्येक गोळीमागं खरं औषध रुग्णाच्या यकृतानंच तयार केलं होतं.

असंच एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण खाजेवर दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन घ्या, आपल्याकडची अ‍ॅटारॅक्स. ती घेतलेला माणूस पेंगतो. त्याचं यकृत हायड्रॉक्सिझिनच्या एका टोकाचं आम्लाच्या गटात रूपांतर करतं, आणि तयार होतं सेटिरिझिन. हायड्रॉक्सिझिनच्याच बेल्जियन कंपनीनं ते वेगळं काढून १९८७ च्या सुमारास बाजारात आणलं. आज घरोघरच्या औषधांच्या डब्यात असते ती हीच. लोराटाडिनचं यकृतात डेसलोराटाडिन होतं, आणि तेही आता स्वतंत्र गोळी म्हणून मिळतं.

हे वाचताना मी थबकलो. यकृताला औषध सुधारायचं थोडंच असतं? त्याला ते घराबाहेर काढायचं असतं. लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर घालवायचं तर स्निग्ध रेणू पाण्यात विरघळेल असा करावा लागतो. म्हणून त्याला आम्लाचा गट चिकटवायचा, भार द्यायचा. आणि पाण्याची आवड असलेला, भार बाळगणारा रेणू, म्हणजे नेमका मेंदूच्या उंबरठ्यावर अडणारा रेणू! यकृतानं केर म्हणून बाहेर काढायला बांधलेलं पुडकं रसायनतज्ज्ञांनी उचललं, आणि ते मूळ मालापेक्षा सरस निघालं.

*

जपानातल्या सेंदाई शहरात तोहोकु विद्यापीठात काझुहिको यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उंबरठा आकड्यांत मोजला. किरणोत्सर्गाची खूण लावलेला पदार्थ टोचून त्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूचं छायाचित्रण केलं आणि गोळी घेतल्यावर किती टक्के एच-वन रिसेप्टर तिनं अडवले हे पाहिलं. सर्दीच्या गोळ्यांमधल्या क्लोरफेनिरामिनच्या, म्हणजे दुकानदार ज्याला सीपीएम म्हणतात त्याच्या, कामाच्या भागाचे फक्त दोन मिलिग्रॅम निम्म्याहून जास्त अडवून बसतात. सेटिरिझिनचे दहा मिलिग्रॅम साधारण १२ ते १३ टक्के. फेक्सोफेनाडिन, जवळपास शून्य.

आयोवा विद्यापीठातला एक प्रयोग तर मला गाडीच्या चाव्या हातात घेताना दरवेळी आठवतो. २००० साली तो प्रसिद्ध झाला. रॅगवीडच्या परागांनी हैराण असलेल्या ४० जणांना त्यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. (रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं नात्यातलं झाड.) वेगवेगळ्या फेऱ्यांत कधी फेक्सोफेनाडिन, कधी डायफेनहायड्रामिन, कधी दारू, कधी नुसती साखरेची गोळी. पुढच्या गाडीचा वेग ओळखून मागं राहण्यात सगळ्यात वाईट कामगिरी कशावर झाली? दारूवर नव्हे, डायफेनहायड्रामिनवर. फेक्सोफेनाडिनवर आणि नुसत्या साखरेच्या गोळीवर कामगिरी सारखीच निघाली. खरी मेख पुढं होती. कुणाला किती पेंग वाटते हे विचारून त्यांचं हातातलं चाक किती बिघडलंय याचा नीट अंदाज बांधता आला नाही. म्हणजे 'मला नाही येत बुवा झोप' असं छातीठोक सांगणारा गडीही मागं पडलेला असू शकतो.

म्हणून काउंटरवरचा प्रश्नही थोडा बदलायला हवा. झोप येते का, एवढंच पुरत नाही. गोळी डोक्यात शिरते का, हे विचारायचं.

*

हे विचारायला लागलं की निवड बरीच सोपी होते. ज्याला गाडी चालवायची आहे, यंत्रावर उभं राहायचं आहे, ज्याची परीक्षा आहे, त्यानं फेक्सोफेनाडिनकडे आधी बघावं. लोराटाडिनही नेहमीच्या मात्रेत फारशी पेंग आणत नाही. सेटिरिझिन तासाभरात काम सुरू करते, पण अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये दहा मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १४ टक्के लोकांना सुस्ती आली. साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण ६ टक्के होतं. तुम्ही त्या थोड्यांत असाल तर ती रात्री घ्यावी. लेव्होसेटिरिझिन म्हणजे सेटिरिझिनच्या आरशातल्या दोन प्रतिमांपैकी कामाची एक, म्हणून तिथं पाच मिलिग्रॅम पुरतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सेटिरिझिनची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते.

फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतली तर आतड्यातून ती कमी शोषली जाते. गंमत बघा, ग्रेपफ्रूटनं आईला रक्तात साचवलं आणि लेकीला आत येऊ दिलं नाही. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिडही तिच्याबरोबर घेऊ नये.

जुन्या गोळ्यांची झोप ही एकच खोड नाही. त्या अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्याच एका संदेशवाहकालाही अडवतात. त्यानं तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते, वयस्क माणूस रात्री उठून घरातल्या घरात भांबावू शकतो. 'झोप तरी लागेल' म्हणून आजी-आजोबांना ही गोळी देणं चांगलं नव्हे. सर्दीच्या तयार मिश्रणांत बरेचदा सीपीएम असते, स्ट्रिप उलटून वाचावी. सीपीएम आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं आहे. माँटेलुकास्ट हे वेगळंच औषध जोडलेल्या गोळ्या तर स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. मनःस्थितीवरच्या माँटेलुकास्टच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेत २०२० साली ठळक इशारा छापणं बंधनकारक झालं. आणि सेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर क्वचित काही जणांना भयंकर खाज सुटते, असं तिथल्याच औषध प्रशासनानं २०२५ मध्ये कळवलं आहे. नवी गोळी आहे म्हणून ती कायमची गोळी होत नाही.

घ्यायची कधी, यातही एक गुपित आहे. रिसेप्टर हे कडी-कुलूप लावलेलं दार नसतं. ते वाऱ्यानं आपोआप किलकिलं होणारं, पुन्हा लागणारं दार असतं. हिस्टामिन येऊन ते उघडं धरतं. गोळी नुसती हिस्टामिनची वाट अडवत नाही, ती दार लावून धरते, पाहुणा आलेला असो वा नसो. म्हणूनच शिंकांची माळ लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा फुलोऱ्याच्या दिवसांत आधीच घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. नाक वाहण्याऐवजी चोंदत असेल, तर गोळी त्यावर फारशी चालत नाही. तिथं डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतात, आणि दीर्घ त्रासासाठी तोच जास्त गुणकारी ठरतो. श्वास घेताना शिट्टी वाजत असेल, ओठ-जीभ सुजत असेल, तर मेडिकलकडे नको, सरळ दवाखान्याकडे धावायचं. गरोदरपणात कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

*

शाळेत आमचे गणिताचे मास्तर खडू फेकून मारायचे आणि म्हणायचे, "याच्या डोक्यात काही शिरतच नाही!" तो माझा मोठाच दोष होता. एखाद्या गोष्टीचं डोक्यात न शिरणं हा तिचा गुणही असू शकतो, हे कळायला इतकी वर्षं आणि गाजरगवताचे इतके हंगाम जावे लागले.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच मेडिकलवर गेलो. प्लॉटवरचं गवत या वेळी कुणीतरी कापलं होतं, फुलोऱ्यानंतर. काउंटरवर तोच पोरगा. नाकाला रुमाल लावलेला बघून त्यानं सवयीनं विचारलं, "काका, झोप येणारी का न येणारी?"

"डोक्यात न शिरणारी दे," मी म्हटलं.

तो क्षणभर बघत राहिला. मग न बोलता त्यानं फेक्सोफेनाडिनची स्ट्रिप काढून दिली. आणि मी पैसे देत असताना म्हणाला, "पाण्याबरोबरच घ्या हं. ज्यूसबरोबर नको."